विसराळूंची पेटी

मिशनच्या त्या शाळेत त्यांनी सदतीस वर्षे चित्रकला शिकवली, आणि सदतीस वर्षे पोरे त्यांना पाठीमागे 'ब्रशबाई' म्हणत आली. समोर अर्थातच 'बाई'. त्यांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवत. अक्षर आधी डोळ्याने तोलायचे आणि मगच त्याला हात लावायचा, ही शिस्त त्यांनी वडिलांच्या शिडीखाली रंगाचा डबा धरून उभे राहता राहता उचलली होती. लग्न केले नाही. धाकटा भाऊ शिंपी. त्याच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत भाऊ, वहिनी आणि त्या राहत. निवृत्त होऊन तीन वर्षे झाली तरी शाळेने त्यांना दर वर्षी नवे पत्र देऊन ठेवून घेतले होते. सोनेरी रंगाने सरळ ओळीत नाव लिहू शकणारे दुसरे माणूस शाळेत नव्हते, आणि ही शाळा नावे लिहिण्यासाठी प्रसिद्ध होती.

सभागृहाच्या भिंतीवर काळ्या लाकडाचा सन्मानफलक होता. त्यावर प्रत्येक वर्षाच्या गुणवंतांची नावे, आणि ज्या वर्षी बोर्डाच्या परीक्षेत शाळेचा निकाल शंभर टक्के लागला त्या वर्षाच्या आकड्यावर एक सोनेरी चांदणी. सलग नऊ वर्षे नऊ चांदण्या बाईंच्याच हातच्या होत्या. आता दहावी चांदणी काढायची होती. शनिवारी सत्कार समारंभ होता. त्या दिवशी प्रार्थनामंदिरात उपासना झाली की पाहुणे, चर्चच्या धर्मप्रांताचे प्रतिनिधी, पालक आणि विद्यार्थी मिरवणुकीने लांब व्हरांड्यातून सभागृहात जात, आणि टाळ्यांच्या गजरात फलकावरचा पडदा दूर होई.

त्या व्हरांड्यात खिळ्यांची एक रांग होती. हा बाईंचा स्वतःचा उपक्रम. आठवीत आलेल्या प्रत्येक मुलाने पहिल्याच आठवड्यात तळहाताएवढ्या प्लायवूडच्या पाटीवर आपले नाव लिहायचे आणि आपल्याला आवडेल ते चित्र काढायचे. वर्ग तीन वर्षे वरवर सरके, पाट्या त्याच खिळ्यांवर राहत, आणि निरोप समारंभाच्या दिवशी ज्याने त्याने आपली पाटी काढून न्यायची. दर वर्षी पाच-सात पाट्या खिळ्यांवर तशाच राहून जात. बाई त्या उतरवून एका पत्र्याच्या पेटीत ठेवत. पेटीच्या झाकणावर त्यांनी आपल्या सुंदर अक्षरात, काहीशा लाडिक रागाने, लिहून ठेवले होते: 'विसराळूंची पेटी'.

समारंभाला चार दिवस उरले असताना बाई शिडीवर चढून फलकावर खडूने चांदणीची आकृती आखत होत्या. कँटीनवाली मावशी चहा घेऊन आली. तिची मुलगी याच वर्षी शेवटच्या वर्गात होती.

"बाई, खाली उतरलात की तेवढी पेटी उघडाल का? पोरीची पाटी असेल आत. किटलीचं चित्र आहे बघा तिच्यावर."

"तुझी पोर विसरली? इतकी नेमकी मुलगी?"

"विसरली कुठली! निरोपाच्या दिवशी रखवालदाराने फाटकातूनच परत पाठवली. यादी होती त्याच्याकडे. नाव कमी केलेल्यांनी आत यायचं नाही."

बाईंचा खडू थांबला. "नाव कमी केलेले म्हणजे?"

मावशी त्यांच्याकडे पाहतच राहिली. मग एखाद्या लहान मुलाला सांगावे तसे तिने सांगितले. परीक्षेला तीन महिने उरले की सराव परीक्षेचे गुण बघायचे. ज्याच्याबद्दल शंका वाटेल त्याच्या आईबापांना बोलवायचे. मुलगा आमच्याकडून बसला तर नापास होईल, त्यापेक्षा नाव काढून घ्या, बाहेरून फॉर्म भरा, असे गोड आवाजात समजवायचे. या वर्षी अशी नऊ मुले होती.

"मी इथं चहा करते, मी काय बोलणार? म्हटलं, बरं सिस्टर. पोरगी तीन दिवस जेवली नाही." चहाचा पेला शिडीच्या पायरीवर ठेवत ती म्हणाली, "सात पास झाली त्यातली. माझीपण झाली. फार नाही, पण झाली. सत्काराचे केक मलाच करायचे आहेत, शंभर टक्क्यांचे."

"आणि हे मला आत्ता सांगतेस?"

"तुम्हाला ठाऊक असेलच असं वाटलं, बाई. सगळ्यांनाच ठाऊक आहे."

त्या दुपारी बाईंनी चित्रकलेच्या खोलीचे दार आतून लावून पेटी उपडी केली. एक्काहत्तर पाट्या निघाल्या. पतंग, बोट, सायकल, कुणाची तरी आजी, एका पाटीवर नुसता निळा रंग. मग त्यांनी कपाटातून आपल्या तासाच्या हजेरीवह्या काढल्या. परीक्षेआधी तीन महिने, प्रत्येक वर्षी, काही नावांवर कार्यालयाने लाल रेघ ओढलेली होती. पेटीतली नावे आणि रेघेखालची नावे एकेक करून जुळत गेली. एकही मूल विसरलेले नव्हते.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. बाईंना कुणी फसवलेले नव्हते. त्या लाल रेघा त्यांनी दहा वर्षे, दर आठवड्याला, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. आईबापांची बदली झाली असेल, मुलाने शाळा सोडली असेल, असे त्यांनी धरून चालले होते. आपल्या समाजात अन्याय टिकतो तो थोड्या निर्दयांच्या बळावर नव्हे. आपापले काम नेटके करणाऱ्या पुष्कळ सज्जनांच्या 'धरून चालण्यावर' तो टिकतो. बाईंना संताप आला तो आधी याच गोष्टीचा, आणि तो स्वतःवर काढता येत नसल्यामुळे त्या थेट मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेल्या.

मुख्याध्यापिका म्हणजे मोठ्या सिस्टर. त्यांच्या टेबलावर कार्यक्रमपत्रिकांचा गठ्ठा होता.

"सिस्टर, वर्गात साठ मुलं होती. पास झाली एक्कावन्न. हे शंभर टक्के कुठल्या हिशेबाने?"

"बाई, आधी बसा."

"उभीच बरी आहे."

"एक्कावन्न बसली, एक्कावन्न पास झाली. यालाच शंभर टक्के म्हणतात. गणिताच्या सरांना विचारा हवं तर."

"आणि ती नऊ?"

"त्या वेळी ती आपल्या शाळेची नव्हती."

"असं कुणी ठरवलं?"

सिस्टर शांतपणे उठल्या. कपाटातून एक फाइल काढून त्यांनी ती बाईंपुढे उघडी ठेवली. नापास होण्याची शंका असलेल्यांची नावे परीक्षेआधी कमी करण्याचा, दहा वर्षांपूर्वीच्या शिक्षकसभेचा ठराव होता. खाली सगळ्यांच्या सह्या, त्यांत बाईंची. आणि सहीशेजारी, कागदाच्या कोऱ्या पट्टीत, वेलबुट्टीची दोन अक्षरे, पेन्सिलने गिरवलेली. बाईंना ती सभा आठवली. ठराव वाचला जात असताना बाई त्या वर्षीच्या निमंत्रणपत्रिकेसाठी अक्षरांचे वळण शोधत बसल्या होत्या. वळण छान सापडले होते. कागद फिरत आला आणि त्यांनी सही केली.

"मी इथं आले तेव्हा वर्ग बंद पडायची वेळ आली होती," सिस्टर म्हणाल्या. "आज प्रवेशासाठी रांग लागते. त्या रांगेत गरिबांचीच मुलं असतात, बाई. शाळाच राहिली नाही तर त्यांना कोण घेणार?"

"घेता खरं. आणि शेवटच्या वळणावर उतरवता."

"नापास झाली असती तर बेअब्रू त्यांचीच झाली असती."

"सात पास झाली, सिस्टर! शाळेशिवाय, शिक्षकांशिवाय, घरी बसून. आणि दोन नापास झाली तीही आपलीच. आपल्याला शिकवता आलं नाही अशी."

"तुम्ही थकला आहात. शनिवारपर्यंत चांदणी तेवढी पूर्ण करा. पुढच्या वर्षाच्या पत्राचं आपण नंतर बोलू."

बाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "फाटकाजवळच्या भिंतीवर मी येशूच्या गोष्टीतला, शंभरातल्या एकासाठी रानोमाळ फिरणारा मेंढपाळ रंगवलाय. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी. दर वर्षी त्याचे रंग उजळते. त्याच्या खांद्यावरचं हरवलेलं मेंढरू आता पुसून टाकते. मग त्याच्याकडे नव्व्याण्णव उरतील, सगळी धडधाकट. काढू त्याच्यावर चांदणी?"

सिस्टरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांचे ओठ हलले. कदाचित प्रार्थना करत असतील.

घरी भावाने सगळे ऐकून मशीन थांबवले. "ताई, एक चांदणी काढ आणि मोकळी हो. पाच टोकं, अर्ध्या तासाचं काम. तुझ्या न काढण्याने त्या मुलांची नावं परत लागणार आहेत का?"

"नाही लागणार."

"मग?"

"मग काय! उद्या कुणी तुला म्हणालं, दोन बाह्यांचं माप घे आणि एकाच बाहीचा सदरा शिव, वर 'पूर्ण शिवला' असं लेबल लाव, तर लावशील?"

"गिऱ्हाईक मोठं असेल तर लावतील हे," वहिनी आतून म्हणाल्या. "वर इस्त्रीही करून देतील."

भाऊ हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेटीचे झाकण घरी आणले होते. त्यावरची आपली अक्षरे त्या चाकूने खरवडत बसल्या. रंग चांगला होता, निघता निघेना.

शनिवारी उपासना चालू असताना बाई पहिल्यांदाच प्रार्थनामंदिरात नव्हत्या. त्या व्हरांड्यात होत्या. गेलेल्या वर्गाचे साठ खिळे रिकामे होते. एक्काहत्तर पाट्या त्यांनी त्यावर टांगल्या. अकरा खिळ्यांवर दोन-दोन. घंटा वाजली, दारे उघडली, आणि मिरवणूक व्हरांड्यात शिरली. पुढे मेणबत्त्या घेतलेली मुले, मागे धर्मप्रांताचे प्रतिनिधी, त्यांच्या शेजारी मोठ्या सिस्टर.

प्रतिनिधी थांबले. वयस्कर गृहस्थ, चित्रांचे शौकीन. "वा! ही कुणाची कला?"

सिस्टर म्हणाल्या, "जुन्या विद्यार्थ्यांची, फादर. चला, सभागृहात सगळे वाट पाहताहेत."

"जुने विद्यार्थी नव्हेत ते," बाई भिंतीला पाठ लावून म्हणाल्या. आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "दहा वर्षांत निकाल शंभर टक्के लागावा म्हणून या शाळेने परीक्षेच्या तोंडावर काढून टाकलेली मुलं आहेत ती. एक्काहत्तर. ठरावावर माझी सही आहे."

मिरवणूक दाटून उभी राहिली. मागच्यांना काय झाले ते कळेना. कुणीतरी भजनाचे पुढचे कडवे सुरू केले आणि ते अर्ध्यावर विरले. गणिताचे सर बुटाच्या नाडीकडे पाहू लागले. प्रतिनिधींनी सिस्टरांकडे पाहिले, सिस्टरांनी खिळ्यांकडे. आणि मग, अशा वेळी सभ्य माणसे जे करतात तेच झाले. कुणीतरी म्हणाले, "नंतर बोलू," आणि सगळे पुढे चालू लागले. सभागृहात पडदा दूर झाला तेव्हा फलकावर दहाव्या वर्षाच्या डोक्यावर फक्त खडूची आकृती होती. टाळ्या मात्र वाजल्या.

व्हरांडा रिकामा झाला तशी मावशीची मुलगी केकचे ताट घेऊन आली. आईच्या मदतीला आली होती. आज फाटकावर यादी नव्हती. तिने ताट खिडकीत ठेवले, अडतीस नंबरच्या खिळ्यावरून किटलीची पाटी काढली आणि ओढणीने पुसली.

बाई म्हणाल्या, "मला वाटायचं तुम्ही विसरता."

"रेघ पडल्यावर मी दोन तास वर्गात बसले होते, बाई. कार्यालयातून परत पाठवेपर्यंत." मुलगी त्यांच्याकडे न पाहता बोलत होती. "तुम्ही हजेरी घेतलीत. सदतीसनंतर एकोणचाळीस म्हणालात. मी हात वर केला होता. तुम्ही वहीत बघत होतात."

 मुलीने पाटी पिशवीत टाकली आणि ताट उचलून ती सभागृहाकडे गेली. आत एक्कावन्न जणांना केक द्यायचे होते.

पुढच्या वर्षाचे पत्र आले नाही. फलकावर आता दहावी चांदणी आहे. बाजारातून आणलेली, चिकटवायची. पुढच्या यादीचे काय झाले, तो ठराव रद्द झाला का, हे कुणी सांगत नाही, आणि न सांगणे हेच बहुधा उत्तर आहे.

बाई मात्र उरलेल्या सत्तर पाट्या भावाच्या सायकलच्या कॅरियरला बांधून घरोघर फिरू लागल्या. पत्ते जुन्या वह्यांतून काढलेले. निम्मे चुकीचे निघतात. एका घरी आईने पाटी अंगणात भिरकावली. एका घरी मुलगा वारला होता. परवा एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर ट्रक चालवणाऱ्या एका दाढीवाल्या माणसाने दार उघडले. निळ्या रंगाची पाटी हातात उलटसुलट करून तो म्हणाला, "याचं मी आता काय करू?"

"काहीही कर. तुझी आहे. दहा वर्षं मी तुला विसराळू म्हणत होते. ते खोटं होतं. तेवढं सांगायला आले."

"शाळेला सांगा की हे."

"शाळेला सांगितलं. आता तुला सांगतेय."

त्याने पाटी ठेवून घेतली आणि दार लावले. बाईंनी वहीतल्या त्याच्या नावावरच्या लाल रेघेशेजारी हजर असल्याची खूण केली, आणि जिना उतरू लागल्या.