बाईंचा अध्याय

आमच्या रविवारच्या मंडळीत पुस्तक उघडायला बंदी होती. ती घातली होती काकांनी. काका म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, मरीन परेडच्या कॉन्डोत एकटे राहणारे आणि इतिहासाचं वेड लागलेले गृहस्थ. सिंगापुरात मराठी ख्रिस्ती कुटुंबं मोजकीच. त्यातले आम्ही काहीजण दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे जमायचो, आणि चहाआधी काका आम्हांला त्यांच्या आवडत्या माणसांबद्दल सांगायचे. धर्मसुधारणेच्या कितीतरी आधी, प्रोटेस्टंट हा शब्दही नव्हता तेव्हा, आल्प्सच्या खोऱ्यांत वाल्डेन्सियन होते आणि इंग्लंडात लॉलार्ड. शास्त्र आपल्या भाषेत असावं, ते कुणीही सांगावं, बाईमाणसानेही सांगावं, मूर्तीपुढे मेणबत्त्या लावून काही साधत नाही, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यासाठी त्यांच्यातल्या कितीकांना जाळलं. घरात पुस्तक सापडलं की तोच पुरावा, म्हणून ते लोक अख्खी शुभवर्तमानं पाठ करायचे. त्यांचे उपदेशक फेरीवाल्याच्या वेषात गावोगाव जायचे आणि दारं लावून ती म्हणून दाखवायचे. लॉलार्ड हे नाव त्यांना हिणवून दिलेलं. पुटपुटणारे, असा काहीसा त्याचा अर्थ.

काकांनी ठरवलं, आपणही तसंच करायचं. पडदे ओढायचे, फोन स्वयंपाकघरात ठेवायचे, प्रत्येकाने एक भाग सांभाळायचा, आणि तोसुद्धा दुसऱ्याच्या तोंडून ऐकून शिकायचा. मला हा सगळा पोरखेळ वाटला. आम्हांला कोण जाळणार होतं? फार तर खालचा गार्ड पाहुण्यांच्या पार्किंगवरून हटकणार. माझे मिस्टर मात्र त्यात रमले. ते मुळात कमी बोलणारे आणि खोट्याचा मनापासून तिटकारा असलेले. त्यांना आपलं तोंड अशा कामाला लागलेलं आवडलं असावं.

मंडळीत सगळ्यात वयस्कर होत्या बाई. नगरला शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, क्वीन्सटाउनला मुलीकडे राहणाऱ्या. त्यांच्याकडे वादळाचा अध्याय होता. नावेत वारा सुटतो, लाटा आत येतात, आणि प्रभू मागच्या बाजूला उशीवर झोपलेला असतो. हा अध्याय त्यांनी लहानपणी आईच्या तोंडून घेतलेला. त्यात एक चूक होती. शिष्य प्रभूला हात धरून उठवतात, असं त्या म्हणायच्या. शास्त्रात हात धरल्याचं कुठेही नाही. काका दर वेळी घसा खाकरायचे आणि बाई दर वेळी तसंच म्हणायच्या. त्या वाक्याआधी त्या एक लांब श्वास घ्यायच्या, आणि शेवटचा शब्द किंचित वर न्यायच्या, वर्गातल्या मागच्या बाकापर्यंत पोचावा तसा.

बाई गेल्या. मग काकांनी आणखी एक नेम केला. गेलेल्या माणसाचा भाग वर्षभर कुणी घ्यायचा नाही, त्याची पाळी आली की तेवढा वेळ नुसतं बसून राहायचं. पडदे ओढलेल्या खोलीत ती शांतता मला कधीच सोसली नाही. सगळे माना खाली घालून बसायचे आणि बाईंच्या खुर्चीकडे कुणी बघायचं नाही.

त्याच वर्षी माझ्या मिस्टरांना पक्षाघात झाला. हातपाय थोडेफार परत आले, वाचा आली नाही. पाणी म्हणता येईना, हो म्हणता येईना. समोर बघत असायचे, पण माझ्याकडे नाही. हाक मारली तरी मान वळायची नाही. ते आत आहेत की नाहीत, हे मला कुणी सांगू शकत नव्हतं, आणि मला तेवढंच हवं होतं.

घरचं जरा स्थिरस्थावर झाल्यावर मी त्यांना व्हीलचेअरवरून काकांकडे नेलं. बाहेर पावसाचं भरून आलं होतं, पडद्यांमुळे खोलीत आणखी अंधारलं. बाईंची पाळी आली, सगळे गप्प झाले. आणि माझ्या शेजारून आवाज आला. एक लांब श्वास, आणि मग नाव, वारा, लाटा. अडखळणं नाही, थांबणं नाही. आवाज पुरुषाचाच होता, पण त्यातली चाल बाईंची होती. शेवटचे शब्द वर जात होते. हात धरून उठवलं, हेही आलं. बाईंची मुलगी खुर्ची सरकवून उभी राहिली आणि भिंतीला टेकली. काकांनी या वेळी घसा खाकरला नाही. अध्याय संपला तसं माझ्या मिस्टरांचं तोंड मिटलं आणि ते पुन्हा समोर बघत राहिले. हा भाग त्यांचा नव्हता. त्यांनी तो फक्त ऐकला होता.

मी आनंदाने रडले, हे खरं. पण घरी येताना टॅक्सीत त्यांच्या शेजारी बसायला मला भीती वाटली, हेही खरं.

त्यांना बोलायला शिकवणारी थेरपिस्ट समजूतदार होती. तिने सांगितलं की पाठ झालेलं डोक्यात वेगळ्या जागी राहतं, ते आपोआप बाहेर येतं, त्यावरून त्यांना कळतंय असं धरू नका. मुलाचंही तेच मत. तो इथेच वाढलेला, वाक्याला इथलं 'लाह' जोडणारा, लग्न करून वेगळा राहतो, आमच्यापेक्षा हिशेबी आहे. जेवणाच्या टेबलावर, वडिलांच्या समोर तो मला म्हणाला, "आई, दॅट्स नॉट पप्पा, लाह. रेकॉर्डिंग आहे ते. तू ऑफिस करणार, यांना उचलणार, किती दिवस?" त्याने एका नर्सिंग होममध्ये बेड बघून ठेवला होता. सोमवारी होय-नाही कळवायचं होतं.

"त्यांना कळत असेल तर मी पाठवणार नाही," मी म्हटलं.

"आणि नसेल तर?"

"नसेल तर कुठेही ठेवलं काय," मी म्हटलं. ते समोर बसले होते. मी त्यांच्या हनुवटीवरची पेज पुसत होते.

त्यानंतर पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये तो अध्याय रोज व्हायला लागला. संध्याकाळी दिवे लावायच्या आधी, मी स्वयंपाकघरात असताना, हॉलमधून तो श्वास ऐकू यायचा. मी त्यांच्याकडे पाठ करून भांडी घासू शकत नसे. शेजारीण लिफ्टमध्ये म्हणाली, तुमच्याकडे कुणी म्हातारी आलीय का राहायला. मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

मग मी ठरवलं की परीक्षा घ्यायची. त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि बाईंच्या चालीत अध्याय म्हणायला लागले. साधं बोललेलं ते परत म्हणत नसत, पण त्या चालीत म्हटलेलं मागोमाग म्हणत. मी मुद्दाम चुकले. शिष्यांनी त्याला उठवलं नाही, झोपू दिलं, असं म्हटलं. आयुष्यभर खोटं कधी चालवून न घेणारा हा माणूस आत कुठे असेल तर नक्की अडणार, अशी माझी खात्री होती. अडला नाही. झोपू दिलं, असं म्हणाला, शेवटचा शब्द वर नेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझी चूक अध्यायात बसलेली होती. गेलेल्या बाईंना मी काहीतरी नवं शिकवलंय, असं मला वाटलं. मी आणखी चुका घातल्या. नाव बुडवली, किनारा काढून टाकला. सगळं आत गेलं आणि तसंच्या तसं बाहेर आलं. तिथे कुणी नव्हतं. मुलगा बरोबर होता.

पण मला त्यांना पाठवायचं नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण माझ्याकडे कारणच नव्हतं. रविवारी आम्ही काकांकडे गेलो नाही. मुलगा रात्री जेवायला यायचा होता, त्याला उत्तर हवं होतं. दुपारी मला सुचलं की त्यांच्या तोंडून काहीही वदवता येतं. अध्यायात एक वाक्य घालायचं, मुलाच्या समोर ते आलं की त्याला पुढे बोलताच येणार नाही.

मी स्टूल घेऊन बसले. अध्याय मुळापासून, सरळ घेतला. नाव निघाली, ते म्हणाले. वारा सुटला, ते म्हणाले. लाटा आत आल्या. मग त्याच चालीत, शेवट वर नेत, मी म्हटलं, "मला घरीच ठेव."

ते थांबले.

मला वाटलं, ऐकू आलं नसेल. पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. ओठ मिटलेले. तिसऱ्यांदा म्हणताना चाल सुटली, माझा साधा आवाज लागला आणि मी विनवणी करतेय हे मलाच ऐकू आलं. तेव्हा त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं. घासाघीस करताना मी दुकानदाराला खोटं सांगितलं की बाजूला उभे राहून जसे बघायचे, तसंच. मग माझं वाक्य गाळून त्यांनी पुढची ओळ स्वतःच सुरू केली. तो लांब श्वास नव्हता, शेवट वर गेला नाही. तो त्यांचा आवाज होता, सपाट आणि थोडा घोगरा. मी घातलेल्या सगळ्या चुका सोडून त्यांनी वारा पडेपर्यंत अध्याय नेला आणि तोंड मिटलं.

मुलगा आला तेव्हा मी दारातच सांगितलं, बेड नको म्हणून कळव. त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, ते ऐकतात. त्याला ते पटलं नाही, पण त्याने कळवलं.

त्यानंतर त्यांनी एकही ओळ म्हटलेली नाही. संध्याकाळी मी कान देऊन असते, हॉलमधून काही येत नाही. मला हवं होतं ते कळलं. ते आत आहेत, आणि इतके दिवस आतच होते. म्हणजे टेबलावर आम्ही मायलेक बोलायचो तेव्हाही. त्यांना कुठेही ठेवलं काय, असं मी पेज पुसता पुसता म्हणाले, तेव्हाही. आता मी त्यांना भरवते तेव्हा ते माझ्याकडे बघतात. मी घासाकडे बघते.