सातमजली हसू आणि गारठलेले अणू

फिजिक्सच्या मॅडम हसल्या की शेजारच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बुरेटवरचा हात थबकायचा, इतकं त्यांचं हसू सातमजली. मुलांनी त्यांचं नाव ‘गडगडाट’ ठेवलं होतं. ते कानावर आलं तेव्हाही त्या मनापासून गडगडल्या होत्या. अर्धं आयुष्य भिंगं आणि प्रिझम शिकवण्यात गेलं, आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या मनानं घेतलं की अणू पकडायचे. लेसरनं थंड करून, इथंच, आपल्या कॉलेजात.

“ही मोठ्या संस्थांची कामं, मॅडम,” असं स्टाफरूममध्ये ज्यानं त्यानं सांगून पाहिलं. नव्यानं लागलेला एक तरुण सर तेवढा त्यांच्या बाजूला उभा राहिला. दोघांनी अडगळीची खोली झाडून काढली, खिडक्यांना काळं कापड लावलं आणि स्वतःला कामाला जुंपून घेतलं.

हवा काढून घेतलेल्या काचेच्या लहानशा पेटीत रुबिडियम नावाच्या धातूचे अणू बंदुकीच्या गोळीसारखे सुसाट धावत असतात. त्यांच्यावर सहा बाजूंनी लेसर सोडायचा. अणू जिकडे धावेल तिकडूनच प्रकाश त्याला मागं रेटतो, आणि रेटून रेटून तो मंदावतो. अणूंचं मंदावणं म्हणजेच थंड होणं. मग वर आणि खाली तारेची दोन वेटोळी बसवून, त्यांच्यातून वीज सोडून, चुंबकाच्या जोरावर सगळ्यांना मधोमध गोळा करायचं. जमलं, तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक पांढरा ठिपका दिसतो.

पण लेसर भलताच नाजूक. मोठा आवाज झाला की आपली जागा सोडून घसरायचा. महत्प्रयासानं तो जागेवर बसला की मॅडमना आनंद व्हायचा, आनंद झाला की हसू फुटायचं, आणि हसू फुटलं की लेसर घसरायचा.

“मॅडम, तुम्ही जरा बाहेर जाऊन हसता का?” एकदा सर काकुळतीला येऊन म्हणाला. त्यावर त्यांना इतकं हसू आलं की त्या दिवशीचं काम तिथंच आटोपलं.

पुढं त्या तोंडावर रुमाल धरायला शिकल्या. लेसर टिकायला लागला, ठिपका मात्र काही केल्या दिसेना. आरसे पुसून झाले, भिंगं बदलून झाली. घरी जेवायला बसलं की म्हातारी आई विचारायची, “सापडले का गं तुझे अणू?” जणू दावं तोडून गाय पळाली होती.

एका संध्याकाळी आई म्हणाली, “मला एकदा नीट समजावून तरी सांग.”

मॅडमनी आईच्या विणकामातली लोकर घेतली आणि दोन पेल्यांभोवती गुंडाळली, एकावर एका दिशेनं, दुसऱ्यावर उलट दिशेनं. “वीज अशी उलटसुलट फिरली, तरच अणू मधे थांबतात. हे खालचं वेटोळं, आणि हे वरचं.” वरचं दाखवताना त्यांनी पेला उपडा करून खालच्या पेल्यावर धरला. पेला उपडा होताच लोकरीची दिशाही फिरली होती. आता दोन्हीकडे एकच दिशा.

“आई, वरचं वेटोळं मीच उपडं बसवलंय. तारा आड येत होत्या म्हणून.”

“मग सुलटं कर,” आई म्हणाली. “आणि आधी माझी लोकर सोडव.”

सकाळी मॅडमनी वरचं वेटोळं तसंच ठेवून त्याच्या दोन तारांची फक्त अदलाबदल केली; वीज उलटी फिरायला तेवढं पुरे होतं. पडद्यावर धूसर काहीतरी चमकलं, आणि बघता बघता मधोमध पांढराशुभ्र ठिपका उभा राहिला. मॅडमनी रुमाल तोंडात कोंबला, दार हलकेच लोटलं, व्हरांडा ओलांडला, जिना उतरल्या आणि थेट मैदानाच्या टोकाला जाऊन हसल्या. वर्गावर्गांच्या खिडक्यांत डोकी गोळा झाली. डोळे पुसत त्या परत आल्या, तरी ठिपका जागच्या जागी होता.

दुसऱ्या दिवशी त्या आईला घेऊन आल्या. आईनं चष्मा पुसून पडद्याकडं पाहिलं.

“एवढासाच?”

“लाखो आहेत त्यात, आई.”

“मग दाटीवाटीनं बसलेत बिचारे. फ्रीजपेक्षा गार?”

“फ्रीज त्यांच्यापुढं भट्टी वाटेल.”

आईला ते फार आवडलं. मॅडम तासाला गेल्या आणि आई स्टुलावर बसून राहिली. परत येऊन पाहतात तर खोलीत प्रिन्सिपॉल हात मागं बांधून उभे, आणि आई त्यांना दोन्ही मुठी हवेत फिरवून वेटोळी समजावत होती. “आवाज नका करू हं,” ती त्यांना दटावत होती, “लेसर घसरतो.”