मामाचं जहाज

समुद्राविषयी माझ्या मामाइतक्या अधिकारानं बोलणारा माणूस सबंध बुलढाणा जिल्ह्यात झाला नाही, आणि साठी उलटेपर्यंत त्यानं समुद्र पाहिलेला नव्हता. वरवट बकालच्या शाळेत इंग्रजी शिकवून तो निवृत्त झाला, मळ्यात वांगी-मिरची लावू लागला आणि सुखानं म्हातारा होणार, तेवढ्यात शेगावच्या एका रद्दीवाल्याकडे त्याला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. एकोणिसाव्या शतकातल्या एका आरमारी जहाजावर मासे-पक्षी-किडे अभ्यासायला नेमलेल्या साहेबानं सफरीत लिहिलेली ती रोजची नोंदवही होती. मामा त्या जहाजावर चढला तो उतरलाच नाही.

फोनवर ‘कसा आहेस?’ विचारलं, की आधी वाऱ्याची दिशा यायची, मग आभाळाची स्थिती आणि शेवटी ‘जहाजावर सगळं ठीक’. जहाज म्हणजे घर. रोज संध्याकाळी ओट्यावर जमलेल्यांना तो एकेक पान वऱ्हाडीत करून सांगे. साहेबाला बोट लागायची, ती पानं वाचताना मामालाही मळमळे आणि मामी मुकाट्यानं लिंबू कापून आणी. एकदा साहेब तापानं फणफणला, तर मामा जेवेना.

“कवाचा मेला तो! तुमी काऊन उपाशी राह्यता?” मामी म्हणाली.

“या पानावर जित्ता हाय ना!” मामा म्हणाला.

साहेब प्राणी स्पिरिटात बुडवून ठेवतो असं वाचल्यावर मामानं मळ्यातला विरोळा साप मामीच्या चिनीमातीच्या बरणीत बुडवला. ती बरणी नेमकी व्याही जेवायला बसले असताना उघडली गेली. विरोळा बिनविषारी असतो, हे मामा त्यांना फाटकापर्यंत समजावत गेला. व्याही आमच्याकडे अजून लोणचं घेत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मी दोघांना कोकणात नेलं. गाडीत मामानं भरती-ओहोटी, शिडं, देवमासे यांवर असं व्याख्यान दिलं, की शेजारच्या प्रवाशानं अदबीनं विचारलं, “आपण नेव्हीत होता का?” मामानं नाही म्हटलं नाही. फक्त खिडकीबाहेर पाहिलं.

धक्क्यावरून होडी सुटली आणि मामाचा चेहरा मळ्यातल्या मिरचीसारखा हिरवा झाला. मामीच्या मांडीवर डोकं ठेवून, डोळे घट्ट मिटून तो पडून राहिला. मामी मात्र पदर खोचून नावाड्याला विचारत होती, “भाऊ, हे पाखरू अंडे कुठी घालते?” इतक्यात डॉल्फिन वर आले.

“अहो, पाहा ना!”

“तूच पाह्य,” मामा कण्हला. “मले सांग.”

मग मामी सांगू लागली. “काये काये हायेत. पाठ आपल्या म्हशीवानी चमकते. वर येते अन् फुस्स करते. संगं पिल्लू बी हाय हो!” मामानं तिचा हात धरला होता. मला वाटलं, आता याचं समुद्राचं वेड संपलं. गावात हा कोणत्या तोंडानं बोलणार?

परत आल्यावर ओटा भरला. सगळ्यांनी एकच विचारलं, “गुरुजी, कसा व्हता समुद्र?”

मामानं मामीकडे बोट दाखवलं. “तुमच्या काकूले इचारा. म्या तं डोये मिटून व्हतो.”

मामी उंबऱ्यात बसून सांगायला लागली. दर खेपेला तिच्या गोष्टीत डॉल्फिन वाढतात. आता तर ते होडीला वळसाही घालतात. हेडमास्तरांचंसुद्धा इंग्रजी भर सभेत सुधारणारा माझा मामा तिचा एक शब्दही सुधारत नाही. मंडळी उठून गेल्यावर तो खुर्ची तिच्याजवळ ओढतो, डोळे मिटतो आणि हळूच म्हणतो, “त्या पिल्लाचं सांग न अजून.”