बॉयलरच्या काचेतले पाणी

शिरपूरजवळच्या एका कापसाच्या जिनमध्ये मी कारकून होतो. पहिले महायुद्ध संपून काही वर्षे लोटली होती. जिनच्या बॉयलरवर एक सिद्दी आगवाला होता; चाळिशीचा, अंगाने रुंद, बोलण्यात हजरजबाबी. तो मूळचा राजपिपळ्याकडच्या डोंगरातला. तिथे सिद्द्यांची जुनी वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेहून गुलाम म्हणून गलबतांतून आणलेले. त्यांतले काही दख्खनमध्ये सरदार झाले, काहींनी किनाऱ्यावर किल्ले धरून राज्य केले. उरलेले रानात आणि बंदरांवर राबले, आणि आगबोटी आल्यावर त्यांच्या भट्ट्यांपुढे उभे राहिले. आमच्या शाळेच्या पुस्तकात हबशी सरदारांना एक परिच्छेद होता. इतरांविषयी मला जे कळले, ते या माणसाकडून.

पंधरा वर्षे त्याने मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर कोळसा ओढला. मग सुरतेहून रेल्वेने खानदेशात आला, नरडाण्याला उतरला आणि बायकोसह इकडेच राहिला. अहिराणी तो माझ्यापेक्षा चांगली बोले. रेच्यांवर, म्हणजे सरकी काढण्याच्या यंत्रांवर, कापूस टाकणाऱ्या बाया त्याला येता-जाता छेडीत.

“सिद्दीभाई, तुना आजा नवाब व्हता म्हणे!”

“व्हता ना! तो किल्लाना धनी, मी भट्टीना. दोन्हीसले लोक लांबूनच रामराम करतस.”

बाया हसत. जिनचे वाफेचे इंजिन चालवणारा ड्रायव्हर मात्र हसत नसे. बॉयलर दाखलेवाल्या माणसाच्याच ताब्यात असावा असा कायदा होता, आणि दाखला ड्रायव्हरकडे होता. प्रत्यक्षात आग, पाणी आणि वाफ सिद्दी सांभाळी. ड्रायव्हर खुर्चीवर बसे. त्याच्या पाण्याच्या तांब्याला सिद्द्याने हात लावलेला त्याला चालत नसे.

त्या हंगामात कापूस उदंड आला. जिनचे मालक असलेल्या शेठजींनी दुसरी पाळी काढायची ठरवली. तिला दुसरा दाखलेवाला हवा होता. शेठजींनी सिद्द्याला स्पष्ट सांगितले, “बॉयलरचे सरकारी तपासनीस साहेब येतात, त्यांच्यापुढे परीक्षा दे. पास झालास तर पाळी तुझी. नाहीतर मुंबईहून माणूस आणतो. तो आपला आगवाला बरोबर आणणार, मग तुझं इथं काम नाही.”

सिद्द्याला लिहिता-वाचता येत नव्हते. परीक्षा तोंडी होती, म्हणून अर्ज मी लिहिला. लिहिताना विचारले, “तुमच्या वस्तीत कोणाकडे सरकारी दाखला आहे?”

“भाऊसाहेब, आमनाकडे कोनी जनमना बी दाखला नही.”

महिनाभर रोज दुपारी मी त्याला नियम वाचून दाखवले. एकदा ऐकलेले तो विसरत नसे.

परीक्षेच्या दिवशी तो धुतलेला सदरा घालून आला. त्या दिवशी भट्टी ड्रायव्हरकडे होती. तपासनीस पारशी होते, वयस्कर, घाईचे. त्यांनी बॉयलरला एक फेरी मारली, दाबाचे घड्याळ पाहिले, पाण्याची काच पाहिली आणि आपल्या कागदावर खूण केली. ही काच म्हणजे बॉयलरच्या तोंडावर बसवलेली उभी नळी. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसते. पाणी निम्म्यावर होते. मीही पाहिले.

पाच-सात प्रश्नांची उत्तरे सिद्द्याने धडाधड दिली. मग साहेबांनी काचेकडे बोट केले.

“बोल, पाणी किती?”

प्रश्न सोपा होता. सिद्दी काचेकडे नुसता पाहत राहिला. साहेबांनी पुन्हा विचारले. ड्रायव्हर माझ्याकडे बघून हसला. मग सिद्दी म्हणाला,

“साहेब, आधी काच फुंकू द्या, मंग सांगसू.”

“डोळे नाहीत तुला?” साहेब चिडले. “मी पाहिलं ते काय खोटं?”

शेठजींनी कपाळाला हात लावला. सिद्दी जागचा हलला नाही. “बोटीवर पानी हिंदकळस, साहेब. पाळी बदलनी का पहिले काच फुंकानी. फुंकाशिवाय मी कधीच पानी सांगस नही.”

‘फुंक’ म्हणून साहेबांनी त्रासून हात हलवला. काच फुंकणे म्हणजे तळाचा कॉक, म्हणजे तोटी, उघडून बॉयलरचे पाणी जोराने येते का ते पाहणे. सिद्द्याने वरचा कॉक बंद करून तळाचा उघडला. जोराने पाणी फुटायला हवे होते. काचेतले तेवढेच पाणी गळले. काच रिकामी झाली आणि रिकामीच राहिली. आमच्या विहिरीच्या खारवट पाण्याने बॉयलरमधून काचेत येणारी खालची वाट बुजली होती. काचेत दिसत होते ते वाफेचे जमलेले पाणी. बॉयलरमधले नव्हे.

त्याने लगेच बॉयलरच्या अंगचा, पाण्याची पातळी तपासण्याचा मधला कॉक फिरवला. पाण्याऐवजी कोरडी वाफ किंचाळत बाहेर आली. साहेब दोन पावले मागे सरले. माझी वही हातातून पडली.

“पंप!” ड्रायव्हर ओरडला आणि पाणी सोडायला धावला.

सिद्द्याने झेप घालून त्याचे मनगट धरले. “थांब! तापेल पत्रावर थंडं पानी टाकशी तर बठ्ठा उडतीन!”

“हात सोड माझा!”

“उडी गयात तर हात कोना आनि पाय कोना!”

त्याने ड्रायव्हरला भिंतीशी ढकलले, धुराड्याची झडप लावली आणि ओली राख फावड्याने भट्टीत लोटली. एक, दोन, पाच, दहा फावडी. सदरा काळा झाला. तोंडाने तो काही गात होता. बोटीवर फावड्यांची लय धरण्याचे ते गाणे असावे. आग विझत गेली, दाबाचा काटा उतरत गेला. इंजिनचा पट्टा मंदावला. एकेक रेचा थांबला आणि सबंध जिन गप्प झाली. भर हंगामात, मालकासमोर, कोणालाही न विचारता त्याने जिन बंद केली होती.

साहेबांनी स्वतः तो कॉक पुन्हा उघडून पाहिला. मग आपल्या कागदावरची खूण खोडली. ते सिद्द्याकडे वळले. “आता सांग. पाणी किती?”

“काचेपुरतं व्हतं, साहेब.”

साहेब मोठ्याने हसले. अर्जावर ‘उत्तीर्ण’ लिहून त्यांनी सही केली आणि ड्रायव्हरचा दाखला तपासायला मागून घेतला.

बातमी रेच्यांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. सिद्द्याची बायको घरून ढोल घेऊन आली आणि तो तिने नवऱ्याच्या गळ्यात घातला. तिच्या हातात करवंटीचा खुळखुळा होता. तो ढोल त्यांच्या डोंगरावरच्या दर्ग्यात उरुसाला वाजतो, एरवी क्वचित. त्या दिवशी जिनच्या अंगणात वाजला. सिद्दी वाजवीत गरगर फिरत होता, बाया कापसाच्या ढिगांवर चढून टाळ्या देत होत्या, गाडीवान गाड्या सोडून आत आले होते. मीही तिथे होतो. पाय माझे ताल धरत होते, हे कबूल करतो.

शेठजी गर्दीतून वाट काढत आले. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती.

“झालं कौतुक. जिन कधी चालू करतोस?”

सिद्द्याने ढोलावर हात ठेवून आवाज थांबवला.

“परवा, शेठजी. उद्या बॉयलर थंडा व्हई. मी आत उतरसू, खार काढसू, पत्रा देखसू. मंग आग.”

“परवा? गाड्या बघ बाहेर!”

“देख्यात.”

शेठजी ड्रायव्हरकडे वळले. त्याचा दाखला साहेबांकडे होता. ते माझ्याकडे वळले. मी म्हणालो, “बॉयलर आता सिद्द्याच्या ताब्यात आहे, शेठजी.”

 शेठजी फाटकाकडे तोंड करून ओरडले, “गाड्या परवा आणा!”