माळ्यावर ठेवलेली वाइन

आजवर मी दारू तीनदा चाखली, आणि तिन्ही वेळा कामावर असताना. हे कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून या वहीत लिहिते.

रहाटणीत एका इटलीच्या साहेबांकडे मी चार वर्षं स्वयंपाकाला होते. महाळुंग्याच्या एका कंपनीत ते मशीन बसवायला आले आणि राहिले. एकटेच. वयाने माझ्या थोरल्या दिराएवढे. मला 'ताई' म्हणत, मोडकंतोडकं हिंदी बोलत. मी मान खाली घालून 'हां साहेब' एवढंच म्हणायची. कोरोनात त्यांना वास यायचा थांबला, तो परत आलाच नाही. फोडणी करपली तरी कळायचं नाही. जेवायला बसले की विचारायचे, "अच्छा?" मी म्हणायची, "अच्छा."

एकदा ते गावाहून तीन बाटल्या घेऊन आले. त्यांच्या भावाने घरी केलेली लाल वाइन. द्राक्षं सुकवून मग त्यांचा रस काढायचा, वरून औषध-बिषध काही घालायचं नाही. बाटलीवरच्या चिठ्ठीवर सतरा आकडा होता. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "बहुत तेज. बाकी सब बारा, तेरा." मग हळूच म्हणाले, "भाई गया. अब नहीं बनेगा."

बाटल्या त्यांनी देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात आडव्या ठेवल्या आणि दोन महिने कंपनीच्या कामाला बाहेरगावी गेले. देव्हारा घरमालकाचा, रिकामाच होता, पण मला बघवेना. देवाच्या पायाशी दारू? दोन बाटल्या कागदात गुंडाळून मी माळ्यावर टाकल्या. तिसरी मावेना, ती माठाच्या तिवईखाली सरकवली. चैत्र-वैशाख गेला. घर वरच्या मजल्यावर, स्लॅब तव्यासारखा तापायचा.

साहेब परतले त्या रविवारी म्हणाले, "ताई, भाई का वाइन लाओ." मी माळ्यावरची एक पुसून दिली. बूच थोडं वर आलं होतं, गळ्याशी चिकट ओघळ. त्यांनी घोटभर ओतून ग्लास माझ्यापुढे धरला. "मेरा नाक बंद. तुम सूंघो, थोडा पियो. बोलो."

मला वासानेच कळलं. माझं माहेर तासगावकडचं. चौथीनंतर शाळा सुटली ती बेदाण्याच्या शेडवर निवडायला बसले. ओलं लागून आंबलेला मणी मी डोळे मिटून बाजूला काढायची. ग्लासात तसाच आंबूस वास होता, शिळ्या काकवीचा. घशात जाळ झाला, पण चव मेलेली.

"अच्छा?"

"अच्छा, साहेब."

त्यांनी डोळे मिटून पूर्ण ग्लास प्यायला. भावाच्या गोष्टी सांगत राहिले. मी पाठ करून भांडी घासत होते.

घरी गेल्यावर आमचे मालक म्हणाले, "काय गं, कान लाल का?"

"साहेबांना वास येत न्हाई, म्हणून चाखायला लावलं."

"वा! त्यांना वास येत न्हाई म्हणून तू प्यायची. उद्या त्यांचे गुडघे दुखले तर तू लंगडत ये!"

ते हसले. मला आठवडाभर जेवण गेलं नाही. माणूस मेलेला, त्याच्या हातची शेवटची चीज मी तापवून घालवली, वर खोटंही बोलले.

पुढच्या रविवारी दुसरी बाटली उघडली. घोट घेतला, तीही तशीच. यावेळी मी ग्लास ओट्यावर ठेवला. "साहेब, खराब है. पहलेवाला भी खराब था. मैंने ऊपर रखा, गरमी में." आवाज माझाच मला ऐकू येत नव्हता.

त्यांनी बाटली मोरीत ओतली. ती रिकामी होईपर्यंत उभे राहिले. मग विचारलं, "तीसरा?"

मी तिवईखालून ती काढली. गार होती. त्यांनी बूच काढलं, मी हुंगली.

"अच्छा?" त्यांनी विचारलं खरं, पण माझ्याकडे न बघता.

"साहेब, हमारे गांव का शेड," मी म्हणाले. मग घोट घेतला. आणि जन्मात बोलले नसेन तेवढं बोलले, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. जाळीवर पसरलेली द्राक्षं, दुपारचं गरम वारं, सालीचा तुरटपणा, दुपारी बायकांनी सोडलेल्या भाकरीच्या फडक्याचा वास, आईच्या ओच्यातले चार बेदाणे. शेवटी घशापासून पोटापर्यंत उतरलेला सतरा आकडा.

साहेबांनी घोट घेतला. "ये गरम, ये मालूम होता है," छातीवर हात ठेवून म्हणाले. "और बोलो." त्यांच्या घरीही माळ्यावर अशीच जाळी होती म्हणे, भाऊ रोज द्राक्षं उलटायचा. त्यांचे डोळे भरले होते. मी पदर तोंडाशी धरला.

ते इटलीला परत गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. पण त्या रविवारनंतर जेवताना त्यांनी मला कधी "अच्छा?" विचारलं नाही. "कैसा?" विचारायचे. आणि मी सांगायची, आज हिंग जास्त झालाय, कोथिंबीर शेवटी टाकलीय, वरणाला लसणीचा धूर लागलाय. ते घास तोंडात धरून ऐकत राहायचे.