पाव्हण्याला शिळं नाही

"पाव्हण्याला शिळं घालत न्हाय मी."

हे म्हणताना तो उजवा हात छातीवर ठेवायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. पाहुणा म्हणजे कोण, तर मांज्यात पंख कापून घेतलेली घार, नाहीतर कुणाच्या माळ्यावरून पडलेलं गव्हाणी घुबड. घार त्याच्याकडे मान वाकडी करून बघायची. तिच्या नजरेत जो तुच्छपणा असायचा तो मला नेहमी पटायचा.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. त्याला कुणी नेमलेलं नसतं, त्यानं स्वतःच स्वतःला नेमलेलं असतं. हा पक्ष्यांचा कैवारी होता. वयानं माझ्याहून बराच मोठा, म्हणून मी तोंडावर अहो-जाहो करायचे, अण्णा म्हणायचे. मनात कधी केलं नाही, आता लिहितानाही करणार नाही.

बेळगावच्या वडगावात त्याचे कापडाचे माग होते. खाली दिवसभर खडखडाट चालायचा, तो कामगारांच्या भरवशावर. हा वर गच्चीत. तिथं त्याची कबुतरांची ढाबळ होती, पांढरी, करडी, कोलांट्या घेत लोटण मारणारी, एकेकाला नाव ठेवलेली. डाव्या हातात वेल्डिंगवाल्याचा चामडी हातमोजा. घारीची नखं लागू नयेत म्हणून घेतलेला, पण दळणाला जातानाही तो स्कूटरच्या हँडलला लोंबत असायचा. लोकांनी विचारावं म्हणून. लोक विचारायचे, आणि मग त्यांच्या दळणाची वेळ टळून जायची.

मी जनावरांची डॉक्टर. शहराबाहेरच्या सरकारी दवाखान्यात माझा दिवस म्हशी आणि शेळ्यांत जातो. शिकारी पक्ष्यांचा नाद माझा मला लागलेला, त्यासाठी वाचलं, जाणत्यांना विचारलं. त्याला याचं काही नव्हतं.

"तुमी म्हशीच्या डॉक्टर, आक्का," तो म्हणायचा. "पाव्हण्यांचं तुमाला काय कळतंय?"

त्याला काय कळायचं ते सांगते. पक्षी आला की बायकोनं तो ठेवलेल्या पाटीला हळदकुंकू लावायचं. मग हातमोजा घालून, पक्ष्याला मनगटावर धरून फोटो. सापडलेला पक्षी वनखात्याला कळवायचा असतो हे त्याला ठाऊक होतं आणि तो कळवायचाही, पण फोटो आणि पाहुणचार उरकल्यावर. पाहुणचार म्हणजे ताजं कबुतर. बाजारातली कोंबडी त्याला चालायची नाही, ती म्हणे सुईवर वाढलेली. तो ढाबळीत जायचा, आपल्याच कबुतरांतलं एक निवडायचा, त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन मान पिरगाळायचा. परत यायचा तेव्हा डोळे ओले असायचे. ते मी स्वतः पाहिलंय. तेव्हा मला ते नाटक वाटायचं.

आणि पाहुणे मरायचे. पंख भरून यायचा, जखम सुकायची, आणि मग पक्षी खाणं टाकायचा. मांसाचा तुकडा चोचीत धरायचा, मान झटकायचा आणि टाकून द्यायचा. "मानी हाय," हा म्हणायचा. "कैदेतलं खात न्हाय." मेला की मागच्या अंगणात तगरीखाली पुरायचा, वर फुलं. मी एकदा मेलेलं घुबड तपासायला मागितलं तर छातीवर हात गेलाच. "पाव्हण्याला कापू देत न्हाय मी."

एका घारीचा तर मुक्तीसोहळाच केला होता त्यानं. माजी नगरसेवक, शाल, श्रीफळ, दोन मोबाईलवाले. भाषण लांबलं. मी मागं उभी होते आणि मला घारीच्या चोचीच्या कडेला लाळ दिसत होती. पुढं जाऊन सांगितलं तर म्हणाला, "आक्का, उन्हामुळं हाय ते." मग त्यानं हात उंच केला. घार उडाली, समोरच्या पत्र्यावर कशीबशी बसली आणि बसूनच राहिली. टाळ्या थांबल्या. नगरसेवकांनी नारळ कुणाच्या हातात द्यावा हे बराच वेळ ठरेना. शेवटी तिथल्या तिथं ती शाल ह्यानं घारीवर टाकली आणि तिला पुन्हा घरी नेलं. चार दिवसांनी तगरीखाली.

ती मरण्याआधी तेवढा तिचा घसा मी बघून घेतला होता. आत पिवळा थर, खव्यासारखा घट्ट. हा त्याला अडकलेलं अन्न समजून काडीनं खरवडायचा, वर मध आणि हळद लावायचा. खरवडलं की रक्त यायचं. मी कापसाच्या काडीवर थोडी लाळ घेतली आणि दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पेरूच्या बीएवढेही नव्हेत, डोळ्यांना कधी दिसणारच नाहीत असे जीव, शेपट्या हलवत नुसते वळवळत होते.

हा परजीवी कबुतरांच्या घशात राहतो. मोठ्या कबुतराला त्याचं फारसं काही वाटत नाही, ते धष्टपुष्ट दिसतं. शिकारी पक्ष्यानं ते ताजं खाल्लं की तो त्या पक्ष्याच्या घशात उतरतो, आणि मग भुकेनं मरेपर्यंत पक्ष्याला घास गिळता येत नाही. रानात शिक्र्यांना, ससाण्यांना तो होतोच. पण रानात रोज त्याच एका ढाबळीतलं जेवण कुणी वाढत नाही.

मी त्याच्या घरी जाऊन हे सगळं सांगितलं. उपायही सांगितला. लवकर कळलं तर साध्या गोळ्यांनी बरं होतं. कबुतर बंद करा. नाहीच राहवत तर मारून बर्फाच्या कप्प्यात चांगलं गोठवा, बरेच दिवस ठेवा, म्हणजे आतले जीव मरतील, मग घाला.

तो उठून उभा राहिला. "म्हंजे माझी कबुतरं रोगट?"

"रोगट दिसत नाहीत, हेच तर—"

"आणि पाव्हण्याला बर्फातलं शिळं मढं घालू? आमच्यात अशी रीत न्हाय, आक्का. तुमच्यात आसंल."

चहाही न घेता मी निघाले. तेवढाही मान त्या घराला द्यावासा वाटेना. मूर्ख माणूस गप्प असला तर चालतो, मायाळू मूर्ख माणसाचा काही इलाज नाही, असं तेव्हा मी चारचौघांत बोलून दाखवलं होतं. त्याच्या कानावर गेलं असणारच.

त्यानंतर त्याच्या मुलीचा शिक्रा आला. मुलगी निपाणीला दिलेली. सासऱ्यांच्या तंबाखूच्या वखारीत एक शिक्रा शिरला आणि बाहेर पडायच्या धडपडीत कौलांवर आपटून पडला. हिनं त्याला खोक्यात घातलं, उंदराचे तुकडे चारले आणि दोन दिवसांनी बसनं बेळगावात आणलं. येताना आधी माझ्याकडे आली. आप्पांपेक्षा, म्हणजे बापापेक्षा, तिला डॉक्टरचा भरवसा होता, पण हे आप्पांना सांगायचं धाडस नव्हतं. पंखाला मुका मार होता, बाकी काही नाही. चोच उघडून पाहिली तर आतून गुलाबी, स्वच्छ. एवढासा पक्षी, पण माझ्या बोटाला धरलं तर सोडेना.

"पंखाला विश्रांती हवी, दुसरं काही नको," मी म्हटलं. "इथंच ठेव."

"आप्पांना लई वाईट वाटंल," ती म्हणाली. "माहेरी आले आणि पाव्हणा दुसरीकडं ठेवला म्हणून."

नेला. आणि आप्पांनी पाहुणचार केला. लेकीचा पाहुणा म्हणून ढाबळीतलं सगळ्यांत लाडकं, पांढरं कबुतर.

दहा-बारा दिवसांनी मुलगी खोकं घेऊन पुन्हा माझ्या दारात. मागं हा, आज हातमोजा नव्हता. शिक्रा मान झटकत होता. घशात पिवळं धरलं होतं, नुकतंच.

"येताना याचा घसा स्वच्छ होता," मी म्हटलं. "मी स्वतः पाहिला होता."

मुलगी बापाकडे वळली. आवाज न चढवता म्हणाली, "आप्पा, मी चांगला आणून दिलता तुमाला."

मी लाळ काचेवर घेतली आणि त्याला सूक्ष्मदर्शकाजवळ बोलावलं. एक डोळा मिटून तो वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"हे माझ्या कबुतरातलं?"

"एखादं घेऊन या, त्याचंही दाखवते."

तो स्कूटरवर गेला आणि एक करडं कबुतर पिशवीतून घेऊन आला. ढाबळीतलं सगळ्यांत तगडं. त्याच्या घशातली लाळ मी दुसऱ्या काचेवर घेतली. तो पुन्हा वाकला. तेच जीव, तीच वळवळ.

"आधीच्यास्नी पण?" त्यानं काचेवरून डोळा न काढता विचारलं. "ती घार? घुबडं?"

"तुमच्या हातचं ज्यांनी ज्यांनी खाल्लं त्यांतली बहुतेक," मी म्हटलं. मुद्दाम सावकाश म्हटलं. मला त्याची कीव आली नाही, तसं खोटं कशाला लिहू? तगरीखालची रांग माझ्या डोळ्यांपुढं होती.

त्यानं कबुतर पिशवीत घातलं. तो छातीवर हात ठेवेल असं मला वाटलं. हात उचललाही, पण मधेच खाली आला.

शिक्रा माझ्याकडे राहिला. गोळ्या, उंदीर, कोंबडीच्या माना. मुलगी निपाणीहून फोन करून रोज विचारायची, "गिळतोय न्हवं?" आठवडाभरात गिळायला लागला. सोडायच्या दिवशी मुलगी निपाणीहून आली होती; शाल नव्हती, भाषण नव्हतं. येळ्ळूरच्या बाजूला शेताच्या बांधावर खोकं उघडलं. रस्त्यावर स्कूटर उभी होती आणि तिच्यावर हा, पाठमोरा. मुलीनं हाक मारली तरी उतरला नाही. शिक्रा सरळ गेला, एका बाभळीवर क्षणभर टेकला आणि दिसेनासा झाला. तेव्हा मात्र मान वळवून त्यानं एवढंच विचारलं, "सकाळी खाल्लंतं?"

"खाल्लंतं," मी म्हटलं. स्कूटर चालू झाली.

पुढं कुणी पक्षी आणला की तो दारातूनच माझ्याकडे पाठवू लागला. हातमोजा दिसेनासा झाला. समोर आला तर "काय आक्का" एवढंच. मला वाटलं, रुसलाय. मोठेपणा गेला की अशी माणसं रुसतात. मीही कधी थांबून विचारलं नाही.

या उन्हाळ्यात तो गेला. मागाजवळ बसल्या जागी. चौदाव्याच्या पुढं कधीतरी मी भेटायला गेले. त्याच्या बायकोनं, वैनींनी, बसा म्हटलं, आत नेलं. मी जिन्यावरून गच्चीत डोकावून बघितलं. ढाबळीचं दार सताड उघडं, आत एक पीस नाही.

"कुणाला दिलीत?" मी विचारलं.

"न्हाय दिली. दुसऱ्याच्या घरी रोग कशाला, म्हणाले." त्यांनी फ्रिज उघडला, वरचा बर्फाचा कप्पा पुढं ओढला. मागावरच्या कापडाच्या चिंध्यांत गुंडाळून, सुतानं बांधलेल्या पुरचुंड्या. कप्पा गच्च भरलेला. "एकेक करून. जेवत नव्हते त्या दिवसांत. पाव्हणा आला तर आसू दे, म्हणायचे. पाव्हणा तर घरात घेत न्हवते. आता मी याचं काय करू?"

म्हणजे शेवटपर्यंत कबुतरच. कोंबडी त्याच्या डोक्यात शिरली नाही ती नाहीच. मी पुरचुंड्या पिशवीत घेतल्या.

दवाखान्यात आल्यावर एक विरघळवली आणि घशातलं काचेवर घेतलं. बराच वेळ बघितलं. काहीच हलत नव्हतं.

परवा अनगोळहून एक घार आली, मांज्याचीच. कोंबडीच्या मानेला तिनं चोच लावली नाही. मी एक पुरचुंडी सोडली. सुताची गाठ इतकी घट्ट होती की कात्री घ्यावी लागली. मांस कोमट पाण्यात धरून मऊ केलं, तुकडे करून पुढं केले.

तिनं एक खाल्ला. मग मान वाकडी करून माझ्या हाताकडे बघितलं, अजून आहे का म्हणून. तो असता तर हे मी त्याला सांगितलं नसतं, डोक्यावर बसला असता. पण तो नाही. आणि त्याच्या घरचं शिळं पाहुणी मागून मागून खात होती.