देवळापासनं तिसरं घर

माझी बायको वारली त्याला वर्ष होत आलं. मेलेलं माणूस परत येतं का नाही, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस, मला त्यातलं काय कळणार. पण ती आली असेल तर माझ्याकडं आलेली नाही. ती बिहाऱ्यांच्या खोलीवर जाते. हे मला लय लागलं, म्हणून लिहायला बसलोय.

आधी गावाचं सांगतो, नाहीतर तिचं तिथं जाणं तुम्हाला कळायचं नाही. आमची गावं दोन. एक पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यात, ते धरणात बुडालं. दुसरं हे, सांगली जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला सरकारनं वसवलेलं. तिकडनं निघालो तेव्हा मी गुरं राखण्याएवढा होतो. ती माझ्याहून लहान, त्याच आळीतली. जुन्या गावात देवळापासनं घरं एका ओळीत नदीकडं उतरत गेलेली. देवळापासनं तिसरं घर तिच्या बापाचं. आमचं पार खाली, पूर आला की पहिलं पाणी आमच्याच गोठ्यात शिरायचं.

इथं आलो तर माळावर चुन्याच्या फक्कीनं चौकोन आखून ठेवलेले. चिठ्ठ्या टाकून प्लॉट दिले. सख्खे भाऊ दोन टोकांना गेले आणि ज्यांचं जन्मात पटलं नाही त्यांच्या भिंतीला भिंत लागली. तिच्या बापाला शेवटचा प्लॉट आला, खडकातला. देव मात्र आमच्या लोकांनी सगळ्यांच्या आधी बसवला. जुन्या गावात जसा होता तसाच, त्याच तोंडानं. घोटाळा तिथंच झाला. देव जागेवर आणि घरं इकडची तिकडं. आमच्या बायका कितीतरी वर्षं चुकायच्या. विस्तव मागायला, नाहीतर विरजणाची वाटी घेऊन, देवळापासनं घरं धरत जायच्या आणि भलत्याच दारात उभ्या राहायच्या. दारातली म्हणायची, "बाई, ती वरल्या गावात. हितं मी ऱ्हातीया." दोघी हसायच्या. एखादी हसता हसता पदर तोंडाला लावायची. इथल्या मूळच्या लोकांना ही चूक कधी समजली नाही. त्यांना वाटायचं धरणवाल्यांच्या बायका खुळ्या हायत.

त्या लोकांचं पण सांगतो. त्यांच्या जमिनी काढून आम्हाला दिल्या, म्हणून त्यांचा राग. तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी आम्हाला लय दिवस ओट्यावर बसू दिलं नाही. आम्हाला भातखाऊ म्हणायचे. आम्ही भात-नाचणी खाणारे, आमच्या आयांना शाळूची भाकरी थापता यायची नाही, कडा फुटायच्या. विहिरीवर त्यांच्या बायका विचारायच्या, "काय गं भातखाऊ, आज तरी गोल झाली का?" पोरी द्यायचं तर लांबच. म्हणून आम्ही आपापसातच लग्नं केली. मला ती मिळाली ती त्यामुळंच. नाहीतर देवळापासच्या घरातली पोर खालच्या टोकाला कुणी दिली असती?

आता माळावर द्राक्षं हायत. कॅनॉलनं पाणी आलं. कोयनेचंच पाणी कृष्णेत येतं, तिथनं मोटारींनी उचलतात. म्हणजे ज्या पाण्यानं आम्हाला उठवलं ते आमच्या मागनं मागनं हितवर आलं. दुपारी गाव निजलं की त्याचा आवाज येतो. मला तो कधी बरा वाटला नाही.

बागेच्या मागनं बिहारी आले. छाटणी, काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावणं, घड औषधात बुडवायचं डिपिंग, नंतर बेदाणा, सगळं एकरावर अंगावर घेतात आणि हात असा चालवतात की बघत राहावं. आमची तरणी पोरं धरणग्रस्ताचा दाखला फाईलमध्ये घालून नोकरीची वाट बघत कट्ट्यावर बसतात आणि त्या कट्ट्यावरनं बिहाऱ्यांना हाक मारतात, "ए भातखाऊ." मी एकदा माझ्या नातवाला म्हटलं, "तुझ्या पणजीला ह्योच शब्द लागायचा रं." तो म्हणाला, "नाना, आपलं येगळं. आपुन हक्कानं आलो."

त्यावर मी लय विचार केला. वेगळं आहे खरं. आम्ही एकदाच आलो, पण सगळ्या बिऱ्हाडानिशी. जाती, उखळ, चौकटी, म्हशी, देव. ते पिशवी आणि फोन घेऊन येतात. आम्हाला सातबारा मिळाला, मत मिळालं, म्हणून आमच्या दारात पुढाऱ्यांच्या मोटारी थांबतात. त्यांच्या दारात कोण थांबणार, त्यांचं मत तिकडं. पैसा हातात खेळतो तो त्यांच्या, पण आजारी पडले तर पाणी द्यायला बाई नाही, कारण गडी एकटेच येतात. आमच्या आया निदान सगळ्या मिळून रडल्या.

आणि एक. त्यांचं गाव आहे. त्यांच्यातला एक जण बायकोला घेऊन आला होता. ती चुणचुणीत पोरगी, मराठी पटकन उचलली. एकदा फोनवर सासूशी बोलत होती, मला म्हणाली, "बाबा, बघा, आमचा गाव." म्हस दिसली, बांबूचं बेट दिसलं, दारातला हापसा दिसला. मी फोन तिच्या हातात दिला आणि निघून आलो. आमचं गाव कुणाच्या फोनात दिसणार?

ही दोघं राहायची ती खोली देवळापासनं तिसरी. त्या जागेवर आधी आमच्यातलंच दुसरं एक घर होतं. ते विकून गेले, मग इथल्याच एका बागायतदारानं तो प्लॉट घेऊन पत्र्याच्या खोल्या काढल्या आणि बागेवरचे गडी ठेवले.

माझ्या बायकोची आठवण शेवटच्या दोनेक वर्षांत मागनं पुढं खात गेली असं म्हणा, किंवा पुढनं मागं. कालचं गेलं, मग पोरांची लग्नं गेली, मग पोरं गेली. लहानपण तेवढं राहिलं. दुपारी जेवून मी आडवा झालो की ती उठून चालायला लागायची. देवळापाशी जायची, हात जोडायची आणि घरं धरत तिसऱ्या दारात जायची. पहिल्या दिवशी ती पोरगी एकटीच तांदूळ निवडत होती. ही उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "आई कुठं गेली गं?" पोरगीला काय कळणार. तिनं चहा केला.

मी शोधत गेलो तेव्हा ही बशीतनं चहा पीत बसलेली. मी म्हटलं, "चल घरी."

"मग हे काय हाय?"

"हे आपलं न्हवं."

"तुमचं नसंल. माझं हाय." मग पोरगीकडं बघून हसली आणि मला म्हणाली, "आवं, सासुरवाडीला असं कुणी रोज येतं व्हय? लाज वाटत न्हाई?"

पोरगीला तेवढं मात्र कळलं. ती तोंडाला ओढणी लावून हसली. मग ते रोजचंच झालं. ऊन कललं की मी जायचो, ही माझी लाज काढायची आणि माझ्या मागनं यायची. कधी कधी येताना पोरगीला सांगायची, "येते गं वयनी." तिनं तिला भावजय करून टाकलं होतं. मी सुरवातीला त्या पोरगीला म्हटलं, "तुला तरास हाय, दार लावून घेत जा." ती म्हणाली, "दारातून कसा परत पाठवायचा बाबा? म्हातारी हाय."

गेल्या पावसाळ्यात ती गेली. आमच्याच घरात, दुपारीच. सावडणं झालं, दहावं झालं, पोरं आली तशी गेली. मी रोज दुपारी जागा राहायला लागलो. वाटायचं, भांडं वाजेल. बाहेरची चप्पल हलल्यासारखी वाटायची. उठून बघितलं तर चप्पल जागेवर. घर असं गप्प की माझंच खाकरणं मला दुसऱ्याचं वाटायचं. कॅनॉलचं पाणी तेवढं वाजत राहायचं.

छाटणी उरकून थंडी पडली तेव्हा ती पोरगी नळावर भेटली. इकडंतिकडं बघून म्हणाली, "बाबा, आजी येते."

"कुठली आजी?"

"तुमची." मग सांगायला लागली. दुपारी ती तांदूळ धुते तेव्हा उंबऱ्यावरचं ऊन जातं. कुणी बसलं की जातं तसं. वळून बघितलं तर कुणी नाही. मग ती चहा ठेवते.

"चहा ठेवतीस?"

"हां. पहिल्यासारखा."

"पिती?"

"नाही. थंड होऊन जातो."

मी बादली भरायची विसरलो. मला भीती नाही वाटली. मला वाटलं, एवढी वर्षं माझ्याशी संसार केला, आणि यायचं तर तिथं. माझ्या दारावरनंच रस्ता जातो की देवळाकडं.

गोष्ट तेवढ्यावर राहिली नाही. तिच्या नवऱ्याला कळलं, शेजारच्या खोलीतल्या गड्यांना कळलं. ते म्हणाले, इथं राहत नाही, मुकादमाला सांगून दुसरीकडं जातो. डिपिंग तोंडावर आलेलं. बागायतदार माझ्याकडं आला. माझ्या थोरल्याच्या वयाचा आहे, वाईट माणूस नाही. ओट्यावर बसला, पाणी घेतलं.

"नाना, राग मानू नगा. मावशी मला आईसारखी. पन गडी पळालं तर बाग गेली माझी."

"मग काय करतोस?"

"देवरशीला इचारलं. त्यो म्हनतो उंबऱ्यात खिळा मारायचा, मंतरून. मंग त्या आत यायच्या न्हाईत. बाहीर ऱ्हातील."

"बाहीर म्हंजे कुठं?"

त्यानं पाण्याचा तांब्या बाजूला सारला.

मी म्हटलं, "एकदा सरकारनं घरातनं काढली तिला. आता तू काढ."

"नाना, असं का बोलताय? तुमीच सांगा, मी काय करू?"

त्याचंही खोटं नव्हतं. मी म्हटलं, "उद्याची दुपार दे मला. मी घिऊन येतो तिला."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो. ती पोरगी आत तांदूळ धूत होती. चहाचा कप उंबऱ्यावर ठेवलेला. मी बाहेरच्या बाजूला पायरीवर बसलो. काय बोलायचं ते घरनं ठरवून आलो होतो. हे घर तुझं नव्हं, तुझं घर पाण्याखाली आहे, तुझा बाप खडकातल्या प्लॉटवर वारला, तू माझी बायको, चल. एवढंच.

ऊन डोक्यावर. कॅनॉल वाजत होता. चहावर साय धरली. मला काही दिसलं नाही, खोटं कशाला सांगू. उंबऱ्यावरचं ऊन गेलं का नाही तेही माझ्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना कळलं नाही. पण आत भांड्याचा आवाज एकदम थांबला. पोरगी वळून उंबऱ्याकडं बघत होती, माझ्याकडं नाही. मी तोंड उघडलं, आणि ठरवलेलं एकही वाक्य आलं नाही. मी म्हटलं, "बस. बस निवांत. ऊन हाय."

ऊन कललं तसा मी उठलो आणि एकटाच घरी आलो. रस्त्यात दोनदा मागं बघितलं.

सकाळी देवरशी आला. लिंबं, गुलाल, लांबडा खिळा. बागायतदार, मुकादम, गडी सगळे जमले. मीही गेलो, पण कुणाला आणि काय म्हणून अडवणार? मला ती आणता आली नव्हती. देवरशी उंबऱ्याजवळ खाली बसला, तशी ती पोरगी पुढं येऊन दारातच बसली. उंबऱ्यावर, जिथं माझी बायको बसायची तिथं.

"खिळा नको," ती म्हणाली.

तिचा नवरा हिंदीत तिला दटावायला लागला. तिनं ऐकलं नाही. बागायतदार म्हणाला, "अगं बाई, तुमच्यासाठीच चाललंय ह्ये. तुमीच भ्यालासा ना?"

"ते भ्याले. मी नाही." मग ती थांबून थांबून बोलली, अर्धं मराठी अर्धं तिचं. तिचा बाप दिवाळीच्या आधी गेला होता. तिकीट मिळालं नाही, मिळालं असतं तरी पोचली नसती. फोनातच त्याचं तोंड बघितलं. "बाप मला शोधत इथं आला तर? एवढ्या लांबून येईल. उंबऱ्यात खिळा असला तर बाहेरच राहील ना?"

तिचा नवरा खाली बघायला लागला. देवरशीनं बागायतदाराकडं बघितलं, बागायतदारानं माझ्याकडं. मग तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या." बाकीच्या गड्यांना त्यानं मळ्यातल्या शेडवर जागा दिली. बाग वाचली. ती दोघं तिसऱ्या खोलीतच राहिली, आणि ती बेदाणा संपेपर्यंत दुपारचा चहा ठेवत गेली. मी म्हटलं, दोन कप ठेवत जा, तुझा बाप आला तर. ती म्हणाली, "तो चहा नाही पीत. त्याला पाणी ठेवते."

पाऊस तोंडावर आला तशी गेल्या आठवड्यात ती दोघं गावाला गेली. पुढच्या हंगामाला येतील का नाही, त्यांनाही ठाऊक नाही. जाताना तिनं तो कप मला दिला. बागायतदार कुलूप घेऊन आला, त्याला म्हटलं, "कडी लाव नुसती. आत चोरायला हाय काय?" त्यानं कुलूप खिशात घातलं.

आता जेवण झालं की मी चहा करतो आणि तिथं जाऊन बसतो. कडी काढतो, दार ढकलतो, उंबऱ्यावर कप ठेवतो, कोपऱ्यात पोरगीच्या बापाला पाण्याचा तांब्या ठेवतो. देवळाकडनं येणारीजाणारी माणसं बघतात आणि पुढं जातात. आमच्यातल्या एक-दोन जख्खड म्हाताऱ्या उरल्यात, त्यांना मी तिथं का बसतो ते कळतं. मी पायरीवर बसून ऐकत राहतो. सासुरवाडीला असं रोज कुणी येतं व्हय, असं मागनं कुणी म्हणतं का बघतो. अजून तरी कुणी म्हटलं नाही.